भांडायला तोलामोलाचा माणूस

कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेली गाडी पूर्ण झालेली असते, की तिथून तिची सुरुवात होते? गाड्यांचं वेड असलेल्या कुठल्याही दोघांना हा प्रश्न विचारा. त्यांचं उत्तर ऐकलं की त्यांच्या गॅरेजमध्ये काय असेल हे न बघता सांगता येतं. मी पहिल्या बाजूची. माझी गाडी जुनी आहे आणि ती जशी बाहेर पडली तशीच राहावी म्हणून मी धडपडत असते. हरवलेल्या एका क्लिपसाठी दहा ठिकाणी चौकशी करायची, सीटचं विरलेलं कापड ज्या विणीचं होतं त्याच विणीचं शोधत राहायचं, झिजलेला भाग बदलायची वेळ आली तर त्याच काळातला न वापरलेला भाग मिळेपर्यंत थांबायचं, यात मला मनापासून आनंद आहे. माझा मित्र दुसऱ्या बाजूचा. त्याच्या लेखी कारखाना म्हणजे कच्चा माल पुरवणारी जागा. गाडी घरी आली की त्याचं काम सुरू होतं.

आमची मैत्री जुनी आणि भांडणही तितकंच जुनं. लोकांना वाटतं, गाड्यांची आवड आहे म्हणजे यांचं एकमेकांशी जमतच असेल. तसं नसतं. ज्याला गाड्यांत रस नाही त्याच्याशी माझा कधीच वाद झालेला नाही. वाद होतो तो ज्याला माझ्याइतकंच दिसतं पण वेगळं हवं असतं, त्याच्याशी.

पहिलं मोठं भांडण बुशवरून झालं. सस्पेन्शनचा आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, तिथे धातूच्या नळीत रबराचा जाड वेढा असतो. तो बुश. गाडीतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग असावा. काळा, मळलेला, कुणी त्याचा फोटो काढत नाही. चाकाला बसलेला धक्का आणि रस्त्याची थरथर तो स्वतःत जिरवतो, म्हणून आत बसलेल्या माणसाला शांतता मिळते. पण रबर दबतं. वळणावर जोर आला की आर्म जागेवरून किंचित सरकतो, चाकाचा कोन बदलतो, आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळायला लागेपर्यंत एक पुसटसा विलंब जाणवतो. मित्राला तो विलंब सोसवेना. रबर काढून पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबराहून कडक अशा प्लॅस्टिकचे, बुश बसवायचे असं त्याने ठरवलं.

मी विरोध केला. पण "कंपनीने काहीतरी विचार करूनच दिलं असेल ना?" एवढ्याने त्याचं समाधान होत नाही. "काय विचार? सांग," असं तो विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. म्हणून मी टाकून द्यायला काढलेला एक जुना बुश घेतला आणि आडवा कापून पाहिला. आतलं रबर सगळीकडे भरीव नव्हतंच. समोरासमोर दोन पोकळ्या मुद्दाम सोडलेल्या होत्या. त्यामुळे एका दिशेने तो मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक. खड्ड्यात चाक मागे ढकललं जातं तो धक्का गिळायचा, पण वळणाचा आडवा जोर रोखून धरायचा. एकाच काळ्या गोळ्यात दोन स्वभाव बसवले होते. बाजारात मिळणारा पॉलियुरेथेनचा बुश बहुतेक वेळा सर्व बाजूंनी सारखाच कडक असतो.

मग मी पोर्शे ९२८ चा दाखला दिला. १९७७ साली आलेल्या त्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये हा लवचीकपणाच कामाला लावला होता. वळणात मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागचं चाक बाहेरच्या दिशेला तोंड करायला बघतं आणि गाडीची शेपूट सुटते. ९२८ मध्ये त्याच क्षणी जोडणी अशी दबायची की चाक उलट आतल्या बाजूला वळायचं आणि गाडी सावरायची. मित्र ज्याला ढिलाई म्हणत होता ती कुणीतरी मोजूनमापून दिलेली असू शकते, हा माझा मुद्दा.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग गाडी जॅकवर चढवून त्याने पुढच्या आर्मची हालचाल मोजली आणि आकडे माझ्यापुढे ठेवले. पुढच्या बाजूला रबर इतकं थकलेलं होतं आणि नव्या रबरालाही त्या जागी दिलेली मोकळीक त्याच्या चालवण्याच्या पद्धतीला इतकी जास्त होती, की माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. शेवटी पुढे पॉलियुरेथेन बसलं आणि मागे नवं रबर. त्या गाडीत बसून आम्ही लांबवर गेलो. स्टिअरिंग आता जास्त बोलत होतं हे मी मान्य करते. रस्त्यावरची बारीक खडी हाताला कळत होती. आणि तीच खडी स्टिअरिंगच्या दांड्यातून थरथर होऊन वर येत होती, हेही मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. त्याला ती थरथर हवी होती. मला माझ्या गाडीत ती नको आहे. यात कुणाचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

त्या वादाने मला एक सवय लावली. जे मी जसंच्या तसं जपते आहे ते तसं का आहे, हे मला सांगता आलं पाहिजे. विकायला काढलेली प्रत्येक गाडी ही शेकडो तडजोडींची मोट असते. आवाज, खर्च, टिकाऊपणा, नियम, दुरुस्तीला लागणारा वेळ, चालवणाऱ्याचं कौशल्य, या सगळ्यांनी आपापल्या बाजूला ओढून शेवटी जिथे दोरी थांबली तिथे ती गाडी उभी असते. मला ती थांबलेली जागा मोलाची वाटते, कारण तिच्यात त्या काळाची आणि त्या माणसांची बुद्धी दिसते. मित्राला वाटतं, त्या ओढाताणीत ज्यांचा विचार झाला त्यात मी नव्हतो, मग मी माझ्या बाजूला दोरी का ओढू नये? दोघांचीही नजर त्या एकाच दोरीवर आहे. दोरी आहे हेच ज्याला दिसत नाही, तो स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशीच गाडी ठेवणारा असो वा मॉडिफाय करणारा, माझ्या फारसा कामाचा नाही.

आता इतिहासाकडे पाहते तेव्हा माझ्या बाजूची एक अडचण मला लपवता येत नाही. १९५६ च्या सुएझ संकटानंतर पेट्रोलची चणचण झाली आणि त्यातून ब्रिटिश अभियंता ॲलेक इसिगोनिसने मिनी ही छोटी गाडी घडवली. १९५९ मध्ये ती रस्त्यावर आली. लांबी जेमतेम तीन मीटर, इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतच, चाकं फक्त दहा इंची, आणि स्प्रिंगच्या जागी ॲलेक्स मोल्टनने केलेले रबराचे शंकू. हा सगळा खटाटोप चार माणसं आणि त्यांचं सामान कमीत कमी जागेत बसावं म्हणून. इसिगोनिसच्या डोक्यात सामान्य माणसाची गाडी होती, शर्यत नव्हती. पण त्याचा मित्र जॉन कूपर शर्यतीच्या गाड्या बनवणारा. त्याच्या संघाने १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं फॉर्म्युला वनचं अजिंक्यपद मिळवलेलं. मिनी वळणावर कशी चिकटून जाते हे त्याला पहिल्याच भेटीत कळलं. तिची वेगवान आवृत्ती काढायची कल्पना इसिगोनिसला फारशी रुचली नव्हती, तरी कूपरने ती वरपर्यंत नेली आणि १९६१ मध्ये मिनी कूपर आली. ८४८ सीसीच्या जागी ९९७, चौतीस अश्वशक्तीच्या जागी पंचावन्न, आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. १९६४, १९६५ आणि १९६७ अशा तीन वर्षी मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली.

आज माझ्यासारखी माणसं मिनी कूपर जपतात. त्या वर्षीच्या गाडीला कोणता कार्ब्युरेटर होता, कोणत्या छटेचा रंग, बोल्टच्या डोक्यावर कोणती खूण, यावर तासन्‌तास बोलतात. आणि ज्या गोष्टीचं मूळपण आम्ही एवढं सांभाळतो ती मुळात एका मित्राने दुसऱ्या मित्राच्या गाडीत केलेला बदल आहे. कॅरल शेल्बीची कोब्रा तशीच. इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी, देखणी दोन सीटची गाडी, तिच्यात १९६२ मध्ये फोर्डचा व्ही-८ बसवला, म्हणजे व्ही आकारात चार-चारच्या दोन रांगांत आठ सिलिंडर असलेलं इंजिन. आजच्या भाषेत इंजिन स्वॅप. मूळ एसीचे चाहते त्या काळात या प्रकाराबद्दल काय बोलले असतील याची मला कल्पना करता येते, कारण मीही तेच बोलले असते. आणि तरी त्या काळातली खरी कोब्रा माझ्यासमोर आली, तर तिचा एक स्क्रूही बदलू नका असं सांगणाऱ्यांत मीच पहिली असेन.

म्हणून "मूळ" याला मी आता कारखान्याचा शिक्का एवढाच अर्थ देत नाही. एखाद्या माणसाने विचार करून घेतलेला, मागे जाऊन तपासता येणारा निर्णय, हे माझ्या दृष्टीने मूळपण. कूपरचे निर्णय तसे होते. माझ्या मित्राच्या गाडीतले बरेचसे तसे आहेत.

इंजिनांचं भांडण मात्र वेगळ्या जातीचं, आणि माझ्या अनुभवात सर्वांत तापणारं. एका बाजूला मोठ्या व्ही-८ चे भक्त, दुसऱ्या बाजूला लहान पण जोरात फिरणाऱ्या इंजिनांचे. दुसऱ्या गटाचं आवडतं हत्यार म्हणजे लिटरमागे किती अश्वशक्ती. होंडाच्या एस२००० चं १९९९ मधलं इंजिन पुढे केलं जातं: दोन लिटर, टर्बो नाही, आणि जपानमधल्या आवृत्तीत २५० अश्वशक्ती. नऊ हजार आरपीएमपर्यंत ते फिरतं. त्याच काळातल्या कॉर्व्हेटचं, १९९७ च्या एलएस१ चं, इंजिन पावणेसहा लिटरच्या आसपास आणि शक्ती ३४५. लिटरमागे साठ-एकसष्ट. शिवाय व्हॉल्व्ह उघडायची रचना पुशरॉडची, म्हणजे १९५५ मध्ये शेवरलेने आणलेल्या छोट्या व्ही-८ च्या काळातली. "एवढं मोठं इंजिन आणि एवढीच ताकद?" हा प्रश्न तिथून येतो.

मीही बराच काळ याच बाजूने बोलत असे, कारण नऊ हजारांवरचा तो आवाज मला आवडतो. पण व्ही-८ वाल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला दोन उघडी इंजिनं शेजारी दाखवली आणि म्हणाले, "ताई, लिटर मोजू नका, बाहेरून फूटपट्टी लावा." पुशरॉड रचनेत व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, एकच असतो आणि तो दोन रांगांच्या मधल्या खाचेत, खाली बसतो. सिलिंडरच्या डोक्यांवर दोन-दोन कॅमशाफ्टचा डोलारा नसल्याने इंजिनाची उंची कमी, रुंदी कमी, आणि वजन खाली. आतली हवा मोजली तर मोठं, बाहेरचा आकार मोजला तर आटोपशीर. म्हणूनच ते लहान-लहान गाड्यांच्या बॉनेटखाली सहज मावतं. लिटर हा आकडा करआकारणीत आणि शर्यतीच्या नियमांत महत्त्वाचा. गाडीला मात्र किलो आणि मिलिमीटर कळतात. त्या दिवसापासून लिटरमागे अश्वशक्ती हा युक्तिवाद मी वापरत नाही, आणि दुसऱ्या कुणी वापरला तर फूटपट्टीचा विषय काढते.

तरीही एस२००० चं मोल माझ्या मनात तसूभर कमी झालेलं नाही. दोन हजार सीसीतून, रोज चालवता येईल अशा टिकाऊपणाने तेवढं काढणं ही घडाईची कमाल आहे. फक्त ती कमाल वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि माझदाच्या आरएक्स-७ मधलं रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं, काढून तिथे कॉर्व्हेटच्या घराण्यातलं एलएस व्ही-८ बसवलं की दोन्ही गट एकत्र येऊन हळहळतात, हेही मी पाहिलं आहे. १९९१ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी ला चार रोटर होते. त्या घराण्याच्या गाडीतून रोटर काढणं मला पटत नाही. त्यातही मूळ इंजिन तेल लावून, गुंडाळून, सांभाळून ठेवणारा माणूस वेगळा आणि भंगारात घालणारा वेगळा.

एकच गोष्ट दोन गट किती उलट वापरतात याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण अँटी-रोल बारचं आहे. डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारी ती वाकवलेली पोलादी दांडी. वळणावर गाडी एका बाजूला कलायला लागली की ती पीळ घेते आणि कलणं आवरते. ट्रॅकवर जाणारे ती जाड करतात, कारण त्यांना चारही चाकं आखीव कोनात हवी असतात. खडकाळ वाटांवर जाणारे तीच दांडी सोडवून टाकतात, कारण एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असताना दोघांनी एकमेकांचं काही ऐकू नये असं त्यांना हवं असतं. टायरमधल्या हवेचंही तसंच. ट्रॅकवाला टायर तापल्यावर दाब किती चढतो ते पाहून हवा बेताने ठेवतो. खडकावर जाणारा हवा इतकी उतरवतो की टायरचं पोट बाहेर येतं आणि रबर दगडाला मिठी मारतं. एकाची गाडी जमिनीला टेकलेली, दुसऱ्याची शिडी लावून चढावी अशी. दोघं एकमेकांच्या गाडीकडे बघतात तेव्हा ही काय कामाची, असाच भाव असतो.

पण दोघांनाही बसवून विचारलं की तुमची अडचण काय, तर उत्तर एकच येतं: पकड. चार टायर, प्रत्येकी साधारण तळहाताएवढी जागा जमिनीला टेकलेली, आणि गाडीला जे काही करायचं ते त्या चार तळहातांतूनच करायचं. आणखी एक सत्य दोघांच्या मानगुटीवर सारखंच बसलेलं असतं. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून एका बाजूवर सगळं वजन जाऊ द्यायचं नाही, ही धडपड दोघांचीही. ट्रॅकवाला एका खडकवाल्याला हे समजावत होता आणि खडकवाला त्याला मध्येच थांबवून तेच त्याच्या भाषेत पुढे सांगत होता, अशी एक संध्याकाळ मी ऐकली आहे. गाड्यांवरच्या गप्पांत याहून सुंदर काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

रंगाची निगा राखणाऱ्यांकडे मात्र आमच्यापैकी बरेचजण वरून खाली बघतात. "गाडी पुसण्यात काय आवड?" असं म्हणतात. त्यांच्याबरोबर एक सकाळ घालवली तर असं म्हणवत नाही. गाडीच्या वरच्या पारदर्शक थराची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, माणसाच्या केसाहूनही कमी. प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं खाऊन टाकतं, ते परत येत नाही. म्हणून ही मंडळी आधी मीटर लावून थर मोजतात, मग ठरवतात की हा ओरखडा काढायचा की त्याच्यासकट जगायचं. मूळ ते कमीत कमी खर्चायचं, ही तर माझीच भूमिका. ती मी त्यांच्या तोंडून ऐकली तेव्हा मला आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

गिअरच्या भांडणाबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे निकाल लागल्यासारखा आहे. हाताने टाकलेला गिअर आता कमी वेगवान आहे, हे कुणी नाकारत नाही. तरी २०१३ मध्ये पोर्शेने ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिकमध्ये आणली तेव्हा तिच्या चाहत्यांनी जी नाराजी दाखवली ती ऐकली गेली, आणि २०१७ मध्ये त्याच गाडीला क्लचचं पेडल परत मिळालं. वेग कमी होत असतानाही लोकांनी ते मागितलं, याचा मला आनंद होतो.

प्रतिस्पर्धा कडवट होते तेव्हा काय होतं, यासाठी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला पुन्हा पुन्हा आठवतं. तिथे फोर्ड आणि होल्डन या दोन मोटार कंपन्यांचे पंथच होते. कुटुंबंच्या कुटुंबं एका बाजूची. १९९२ च्या बाथर्स्टच्या शर्यतीत या दोघांनाही मागे टाकून निसान स्कायलाइन जीटी-आर जिंकली. चारही चाकांना ताकद, दोन टर्बो, मागची चाकंही वळणारी. पाऊस आणि अपघातांमुळे शर्यत मध्येच थांबवून निकाल लावला होता. विजेते मंचावर आले तेव्हा गर्दीने हुर्यो उडवली. पुढच्या वर्षीपासून मुख्य गटाचे नियमच पाच लिटर व्ही-८ भोवती आखले गेले, म्हणजे फोर्ड आणि होल्डनभोवती. त्या निसानने केलेली कामगिरी बघायला हजारो जाणकार डोळे तिथे होते आणि त्या दिवशी त्यांनी ती बघायची नाकारली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मग ऑक्टोबर २०१६ मध्ये फोर्डने तिथला कारखाना बंद केला. साधारण एका वर्षाने, ऑक्टोबर २०१७ मध्ये, होल्डननेही. २०२० मध्ये होल्डन हे नावच मिटवायचं ठरलं. पिढ्यान्‌पिढ्या समोरच्याला हरवायचं म्हणून ज्यांनी आपलं इंजिन अधिक चांगलं केलं, त्यांच्यासमोर कुणी उरलं नाही. फोर्डवाल्याला फोर्डवाला करण्यात होल्डनचा वाटा केवढा होता, हे समोरची जागा रिकामी झाल्यावर कळतं. माझा मित्र उद्या गाड्या सोडून दुसऱ्याच कशात रमला, तर माझ्या गाडीतला एकही भाग बदलणार नाही. पण त्या भागाबद्दल मला कुणी "का?" असं विचारणारही नाही. ती कल्पनाच मला नकोशी वाटते.

विजेवरच्या गाड्यांनी सध्या आम्हा दोघांनाही एका बाजूला उभं केलं आहे, असं वरवर दिसतं. खरं म्हणजे तिथेही आमचं एकमत नाही. तो म्हणतो, हे फ्रीजसारखं यंत्र. मी त्याला १८९८ आणि १८९९ ची गोष्ट सांगते. मोटारीच्या वेगाचा नोंदलेला पहिला विक्रम काउंट गास्तों द शासलू-लोबाने पॅरिसजवळ अशेरच्या रस्त्यावर केला, ताशी सुमारे ६३ किलोमीटर. गाडी विजेची. त्याला आव्हान दिलं बेल्जियमच्या कामीय जेनात्झीने, तीही विजेची गाडी घेऊन. त्या हिवाळ्यात आणि वसंतात विक्रम दोघांमध्ये मागे-पुढे होत राहिला आणि २९ एप्रिल १८९९ रोजी जेनात्झीने टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटर गाठले. शंभरच्या पुढे गेलेली पहिली मोटार विजेची होती. मोटारींच्या वेगविक्रमांच्या चुरशीचा आरंभच दोन विजेच्या गाड्यांनी केला आहे. तेव्हा त्यांना उपरं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, असं मी त्याला बजावते.

त्यावर तो गप्प बसत नाही. जुन्या गाडीतलं इंजिन काढून बॅटरी घालणाऱ्यांविषयी तुझं काय म्हणणं, असं विचारतो. हा प्रश्न मला अवघड जातो. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फीवाने, २०१२ मध्ये मंजूर केलेल्या तुरीन सनदेतलं एक तत्त्व मला तिथे आधार देतं: बदल करावा लागलाच तर तो उलटवता येईल असा करावा आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपावेत. सांगाडा न कापता, मूळ आधारांवरच मोटर बसवली आणि इंजिन जपून ठेवलं, तर माझी हरकत नाही. ज्या गाडीच्या जगात थोड्याच प्रती उरल्या आहेत तिचा पत्रा कापून काढला, तर मी मैत्री बाजूला ठेवून बोलते. कापलेला पत्रा जोडता येतो, न कापलेला करता येत नाही.

अशा आणखी काही जागा आहेत जिथे मी समजुतीची भाषा करत नाही. रात्री वस्तीतून सायलेन्सर काढलेली गाडी फिरवणं, धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फेकून देणं, रहदारीच्या रस्त्यावर शर्यत लावणं. ही आवडीची वेगळी पद्धत नव्हे. ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्याकडून वसूल केलेली ती किंमत आहे. आणि माझ्या स्वतःच्या बाजूलाही मी एवढंच स्पष्ट सांगेन, की गाडी कोंडून ठेवून भाव चढायची वाट पाहणं म्हणजे जपणं नव्हे. उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं, सील सुकतात, टायर एका जागी चपटे पडतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ प्रतीचं कोरं तेल २३० अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे, ओलावा शिरला की तेच १५५ पर्यंत उतरतं. अशी गाडी कागदावर शंभर टक्के मूळ असते आणि पहिल्या लांब उतारावर थांबेल याची खात्री नसते. त्यापेक्षा मित्राची बदललेली, चाललेली, दर वर्षी ब्रेक ऑइल बदललेली गाडी मला अधिक जवळची वाटते.

त्याने काढलेले सगळे मूळ भाग आता एका मोठ्या पेटीत आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी आहे, कुठून काढला, कधी, का. चिठ्ठ्यांचा आग्रह माझा, अक्षर त्याचं. आणि सध्या वाद पेटला आहे तो माझ्या गाडीवरून. तिच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागात, अजून जुने कॉन्टॅक्ट पॉइंट आहेत. ते झिजतात, फट बदलते, ठिणगीची वेळ सरकते, मग फट मोजायची पट्टी, फीलर गेज, घेऊन मी ती फट पुन्हा जुळवते. तो म्हणतो, झाकणाखाली मावणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसव, बाहेरून दिसणार नाही, दोन स्क्रू काढले की पूर्ववत. माझ्याच उलटवता येण्याच्या तत्त्वाने त्याने मला कोंडीत धरलं आहे. माझं उत्तर असं, की माझ्या गाडीत टायमिंगची खूण थरथरते ती पॉइंटमुळे नसून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आपल्या बुशमध्ये सैल झाल्यामुळे असावी. तसं असेल तर किट तो सैलपणा झाकून टाकेल, रोग तसाच राहील. तो म्हणतो, सैलपणा आहे हे आधी सिद्ध कर. म्हणून आता शाफ्टची हालचाल डायल गेजने मोजायची, मग टायमिंग लाइट धरून आधी पॉइंटवर आणि नंतर किटवर खूण किती हलते ते पाहायचं, असं ठरलं आहे. गेज तो आणणार आहे. पॉइंटचा नवा जोड मी काढून ठेवला आहे.